हॅलो परभणी, लाइन चालू आहे का?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की घरून काम करणाऱ्यांनी आपली दुखणी कळवावीत. कळवली की! दोन पोस्टकार्डं, बाकी सगळे ईमेल, आणि बहुतेक आपल्या मराठवाड्यातले. सगळ्यांना इथं जागा नाही, सात घेतलीत. ज्यांचं राहिलं त्यांनी रुसू नये.

'ही बाई कोण सांगणार' असं नव्या वाचकांना वाटू नये म्हणून थोडं माझ्याबद्दल. १९८४ साली मी परभणीच्या ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन हातानं जोडून देणाऱ्या कचेरीत, ऑपरेटर म्हणून लागले. कॉर्ड बोर्डासमोर हेडफोन लावून बसायचं, तिकीट लिहायचं, नांदेड, औरंगाबाद, हैदराबाद जोडून द्यायचं. पुढे एसटीडी आलं, लोक परगावचा नंबर स्वतःच फिरवायला लागले, बोर्ड ओस पडला आणि मला १९८ वर बसवलं, म्हणजे बंद फोनवाल्यांच्या शिव्या खायला. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या एका दिवसात देशभरातून आम्ही ७८ हजारांवर माणसं बाहेर पडलो. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागलं आणि भाच्याचा फोन आला, "मावशी, माझी पोरं घरोघर बसलीत. जरा बघशील का त्यांच्याकडं?" दुकानांचे हिशेब ठेवणारी आणि गिऱ्हाइकांचे फोन घेणारी त्याची छोटी कंपनी आहे. तेव्हा सात पोरं होती, आता चौदा आहेत. सेलू, हिंगोली, कंधार, जिंतूर, जिकडची तिकडं. ऑफिस नाहीच. मी आमच्या ढाळजेत टेबल टाकून बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, म्हातारी मोबाइलवर गप्पा मारत बसली आहे.

उदगीरजवळच्या गावातून एक तरुण लिहितो: मी पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे, दोन वर्षांपासून गावी राहून काम करतो. मॅनेजर दिवसातून तीनदा कॅमेरा चालू ठेवून कॉल घेतात. चॅटवर माझ्या नावापुढचा हिरवा दिवा पिवळा झाला की लगेच 'कुठे आहेस?' असा मेसेज येतो. काम वेळेत देतो, तरी चोरासारखं वाटतं. घरी वेगळीच तऱ्हा. वडील पाहुण्यांना सांगतात, "घरीच असतो सध्या." मी काय करू?

लेकरा, आधी वडिलांचं घेऊ, कारण त्यांची आणि तुझ्या मॅनेजरची तक्रार एकच आहे. दोघांनाही तुझं काम दिसत नाही. वडिलांनी आयुष्यभर पाहिलेलं काम असं की संध्याकाळी बघितलं तर चार सऱ्या जास्त खुरपलेल्या दिसतात. तुझ्या लॅपटॉपवर सकाळी जे दिसतं तेच संध्याकाळी दिसतं. एकदा त्यांना अर्धा तास शेजारी बसव. एखादी चूक कशी सापडते, ती सापडली नसती तर कुणाचे पैसे अडकले असते, ते त्यांच्या भाषेत सांग. आमच्या कंधारच्या पोराची आजी त्याला ऐन ड्यूटीत दळणाचा डबा घेऊन गिरणीवर पिटाळायची. त्यानं शक्कल काढली: ड्यूटी सुरू झाली की पायात बूट. घरातल्या घरात, चटईवर, बूट. पोराच्या पायात बूट असले की आजी डबा पुढं करत नाही. तीन वर्षं चाललंय.

आता मॅनेजर. हा आजार त्याच्या एकट्याचा नाही. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अकरा देशांतल्या वीस हजार लोकांना विचारलं होतं. ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आमचं काम नीट चाललंय. आपली माणसं नीट काम करताहेत असा पूर्ण भरवसा किती वरिष्ठांना होता? १२ टक्क्यांना. मधल्या दरीत तो हिरवा दिवा पेटलेला आहे.

आमच्या बोर्डामागं सुपरवायझर उभी असायची. तिनं आमच्या लाइनवर ऐकायला प्लग लावला की आवाज किंचित बसायचा, ते आम्हाला बरोबर कळायचं. मग आम्ही गिऱ्हाइकाशी बोलायचं सोडून सुपरवायझरला ऐकू जाईल असं बोलायला लागायचो. 'प्लीज होल्ड द लाइन' वगैरे. कॉल काही लवकर लागायचा नाही. तुझं आता तसंच झालंय. माउस हलवत ठेवण्यात तुझा जीव चाललाय.

उपाय एकच, त्यानं विचारायच्या आधी तू सांग. सकाळी कामाला बसताना दोन ओळी: आज काय तपासणार आणि त्यात काय अडण्याची शक्यता आहे. संध्याकाळी दोन ओळी: काय झालं, काय अडलं, कुणाची वाट बघतोय. अडलेलं लपवायचं नाही, उलट तेच आधी लिहायचं. भरवसा 'सगळं छान' म्हटल्यानं बसत नाही, 'हे अडलंय' हे वेळेवर कळल्यानं बसतो. पंधरा दिवस न चुकता कर आणि मग सरळ विचार: "सर, दुपारचा कॉल आता बंद करून बघायचा का? तेवढी माहिती माझ्या मेसेजमध्ये येतेच." कॅमेराही दिवसातल्या एकाच कॉलपुरता ठरवून घे. दिवसभर स्वतःचा चेहरा समोर बघत बोलणं माणसाला थकवतं, आरसा धरून कुणी भांडण करतं का? निदान आपलं चित्र आपल्याला दिसणार नाही अशी सेटिंग असते, ती लाव.

आणि एवढं करूनही तो दिवाच बघत बसला, तर अंतराला दोष देऊ नकोस. तो पुण्यात तुझ्या शेजारी बसला असता तरी तुझी खुर्ची मोजत बसला असता. मग दुसरी नोकरी बघायला लाग, पण हातची न सोडता.

छत्रपती संभाजीनगरहून एक टीम लीडर: माझ्या हाताखाली नऊ जण आहेत, सगळे आपापल्या घरून काम करतात. कंपनी दर तीन महिन्यांनी समाधानाचा फॉर्म भरून घेते. आमच्या टीमला पाचपैकी चार-साडेचार गुण असतात. जूनच्या फॉर्मात सगळे खूश होते आणि जुलैत दोघांनी राजीनामे दिले. मीटिंगमध्ये 'कुणाला काही बोलायचंय?' विचारलं की स्मशानशांतता. माझं काय चुकतंय?

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण यातलं निम्मं माझ्याही हातून झालंय.

आधी फॉर्म. नऊ जणांत निनावी काय असतं? 'दुपारच्या पाळीत त्रास होतो' असं लिहिलं की दुपारची पाळी कुणाची ते तुम्हाला माहीत, आणि तुम्हाला माहीत आहे हे त्यालाही माहीत. शिवाय आपली माणसं. पाहुणा जेवायला बसला आणि भाजीत मीठ जास्त पडलं, तर तो सांगतो का? 'झकास झालंय वहिनी' म्हणतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. यजमानिणीनं ऐकायचं नसतं, वाढून घेतलं की नाही ते बघायचं असतं. तुमच्या टीममध्ये दुसऱ्यांदा वाढून घेणं म्हणजे काय, ते शोधा. पूर्वी प्रश्न विचारणारा आता विचारत नाही. 'हे मी करू का?' म्हणणारी आता सांगितलं तेवढंच करते. लांब लिहिणाऱ्याचं उत्तर एका शब्दावर आलंय.

माझ्याकडं हिंगोलीची एक मुलगी आहे. कधीही विचारा, "बरं चाललंय मावशी." एकदा माझ्या लक्षात आलं की ही पोरगी ग्रुपवर पूर्ण वाक्य लिहायची, हल्ली नुसतं 'ठीक' लिहिते. पंधरा दिवस नुसतं ठीक. मी संध्याकाळी फोन केला. व्हिडिओ नाही, साधा फोन. ती गच्चीवर फेऱ्या मारत होती. 'काही त्रास आहे का' हे मी विचारलंच नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारलं, "मागच्या आठवड्यातलं कोणतं काम पुन्हा आलं तर फोन बंद करून झोपावंसं वाटेल?" ती हसली. मग गप्प. आम्हा ट्रंकवाल्यांना गप्प राहणं जमतं, मीही गप्प राहिले. मग तिनं सांगितलं.

झालं असं होतं: गिऱ्हाइकाची तक्रार सोडवायची ती, पण ती तक्रार 'बंद' करायचं लॉगिन होतं सेलूच्या पोराकडं. त्यामुळं शनिवारच्या यादीत सुटलेल्या तक्रारींपुढं त्याचं नाव यायचं. आणि ती यादी बघून तीन शनिवार सगळ्यांसमोर त्याची पाठ कोण थोपटत होतं? मी! पोरानं मुद्दाम केलं नव्हतं, त्याला यादी कशी तयार होते हेही माहीत नव्हतं. तिला चहाडी करायची नव्हती. यादीत 'सोडवणारा' असा एक रकाना वाढवायला भाच्याला दहा मिनिटं लागली. ती तीन महिने कुढत होती. आमच्याकडं तुमच्यासारखा फॉर्म असता तर त्यात तिनं चारच गुण दिले असते.

एका खोलीत बसलो असतो तर हे पहिल्याच शनिवारी चहाच्या वेळी कुणीतरी बोललं असतं. नसतं बोललं, तरी तिचं तोंड मला दिसलं असतं. दूर बसल्यावर मधे नुसती शांतता असते आणि त्या शांततेत जो तो आपापल्या भीतीप्रमाणं अर्थ भरतो. तिनं भरला, 'मावशीला मी दिसतच नाही.' मी भरला, 'पोरगी खूश आहे.'

म्हणून माझं पहिलं सांगणं, महिन्यातून एकदा प्रत्येकाला वीस मिनिटांचा साधा फोन करा. चालत चालत बोललं तर उत्तम, डोळ्यांत बघायचं नसलं की माणूस मोकळा बोलतो. प्रश्न मागच्या आठवड्याचे आणि नेमके विचारा. कशाची वाट बघण्यात वेळ गेला? कोणतं काम दोनदा करावं लागलं? मी काय सांगितलं जे कळलं नाही? 'खूश आहेस का' हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर आपल्याकडं लग्न ठरलेल्या मुलीलासुद्धा देता येत नाही.

मीटिंगमधली शांतता हे निराळं प्रकरण आहे. कॉलवर आवाज क्षणभर मागं पडतो. दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं थांबतात, 'तुम्ही बोला', 'नाही नाही, तुम्ही', आणि यात जो सगळ्यात लहान आहे तो त्या दिवसापुरता गप्प होतो. आम्ही असं करतो: विषय सांगितला की पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही, प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या. मग नाव घेऊन विचारायचं, सगळ्यात नव्यापासून सुरुवात. मी शेवटी. मी एकदा आधी बोलले की पुढचे चौदा जण 'मावशी म्हणतात तसंच' म्हणतात, हे मला चांगलं चार वेळा तोंडघशी पडल्यावर कळलं.

आणखी एक शक्यता तपासा. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला होता, २०२० मध्ये सगळे घरी गेल्यानंतरचा. त्यात दिसलं की ज्याच्या त्याच्या गटातलं बोलणं घट्ट झालं आणि गटागटांमधलं बोलणं आटलं. तुमच्या नऊ जणांचं आपसांत बरं चालत असेलही. अडत असेल ते कुंपणाबाहेर: हिशेब विभागातला कुणीतरी, ज्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही आणि जो चार दिवस उत्तर देत नाही. पंधरा दिवसांतून एकदा अशा एकाला तुमच्या मीटिंगला वीस मिनिटं बोलवा. कामाचं नंतर, आधी त्याला त्याच्या अडचणी सांगू द्या.

ते गेलेले दोघं, त्यांना आत्ता फोन करा. महिना-दोन महिने झाले की गेलेला माणूस खरं बोलतो, त्याला आता काही गमवायचं नसतं. पण जे ऐकाल त्यातलं एक तरी उरलेल्या सात जणांसमोर मांडा: हे कळलं, हे बदलतेय, आणि हे दुसरं बदलणं माझ्या हातात नाही, कारण अमुक. पुढचा फॉर्म त्यानंतरच भरायला सांगा.

जालन्याहून: आमच्या साहेबांचे कामाच्या ग्रुपवर रात्री साडेदहा-अकराला मेसेज येतात, प्रत्येकाच्या सुरुवातीला 'अर्जंट'. उत्तर दिलं नाही तर सकाळी टोमणा. बायको म्हणते, फोन विहिरीत टाका.

फोन महाग आहे, टाकू नका. ट्रंक कॉल बुक करताना तीन दर असायचे. ऑर्डिनरी, अर्जंटला दुप्पट आणि लायटनिंगला आठपट. मी बोर्डावर होते तेवढ्या वर्षांत लायटनिंग कॉल बोटांवर मोजण्याइतके लावले असतील. एक तर कुणीतरी गेलेलं असायचं, नाहीतर मोंढ्यातल्या एखाद्या अडत्याला दुसऱ्याच्या आधी भाव पोचवायचा असायचा. आठपट पैसे मोजायचे म्हटलं की माणूस आपोआप विचार करतो, सकाळपर्यंत थांबलं तर काय बिघडेल? तुमच्या साहेबांना 'अर्जंट' लिहायला एक नवा पैसा पडत नाही.

तर त्याला पैसे पडतील अशी सोय करा. आमचा नियम असा: रात्री आठनंतर ग्रुपवर हवं ते लिहा, उत्तर सकाळी. खरोखरच आग लागली असेल तर फोन करायचा. मात्र ज्यानं फोन केला त्यानं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहायचं, का केला. हा आमचा आठपट दर. गेल्या वर्षभरात असे चार फोन झाले, त्यातले दोन भाच्याचे, आणि त्यालाही लिहायला लावलं. साहेबांपुढं हे एकट्यानं मांडू नका, चौघं मिळून मांडा, आणि 'त्रास होतो' हा शब्द न वापरता 'नियम ठरवू या' म्हणा.

वसमतहून: दुपारी लाइट जाते, कॉल तुटतो. पुण्यातल्या टीमला हा बहाणा वाटतो.

राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, बारा व्होल्टचा, दीड-दोन हजारांत. दोन-तीन तास तग धरतो, घरच्या इन्व्हर्टरवर विसंबायला नको. दुसऱ्या कंपनीचं एक सिम जवळ ठेवा. आणि महावितरणला मोबाइल नंबर नोंदवून ठेवा. दुरुस्तीसाठी लाइट बंद राहणार असेल तर त्यांचा मेसेज येतो, तो तसाच टीमला पुढं पाठवायचा. आधी सांगितलं की अडचण, नंतर सांगितलं की बहाणा. लाइट तीच असते.

बीडहून एक पोस्टकार्ड: मी अर्धं पान रिपोर्ट लिहितो, साहेब नुसता अंगठा पाठवतात. रागावले असतील का?

बहुधा जेवत असतील. अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग छापला होता. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण गमतीनं लिहिलंय की मनापासून, हे वाचणाऱ्याला शंभरातून ७८ वेळा कळेल. प्रत्यक्षात कळलं ५६ वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० वेळा जमलं असतं! तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा मात्र ७३ वेळा कळलं. तेव्हा अंगठ्यात राग शोधू नका. रिपोर्टच्या शेवटी एक नेमका प्रश्न टाकत जा, 'यातला दुसरा मुद्दा उद्या सुरू करू का?' अंगठ्याला मग होय किंवा नाही व्हावंच लागतं. तुम्ही पोस्टकार्ड पाठवलंत याचं मात्र मला फार बरं वाटलं. अक्षर सुंदर आहे.

औसा तालुक्यातून: मी हैदराबादच्या कंपनीचं काम गावातून करतो. गेल्या येळवसला रजा मागायची लाज वाटली, कारण कंपनीच्या कॅलेंडरात असला सण नाही. शेवटी शेतातूनच कॉल घेतला. मागं कोपी आणि माणसं दिसत होती. टीम लीडर म्हणाले, "पिकनिकला गेलास का?" सगळे हसले. ताटातले उंडे आणि भज्जी गार झाली. राग आला, आणि आपलंच चुकलं असंही वाटलं.

अरे, माझं माहेर औशाकडचं! बाकीच्या वाचकांसाठी सांगते: येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करतात, आत पाच पांडव मांडून पूजा, मग बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी आणि गार आंबील. लातुरात त्या दिवशी गंजगोलाईतसुद्धा शुकशुकाट असतो. ज्याला शेत नाही त्याला दुसरा कुणीतरी ओढून नेतो. हे सोडून कॉलवर बसलास, तुला काय म्हणावं!

ते हसले हे वाईटच. पण त्यांनी कोपी कधी पाहिली नाही, आणि तू सांगितलं नाहीस. इतर ऑफिसांत शेजारी बसणाऱ्याला कळतं की याच्या डब्यात आज काय आहे, हा उद्या कुठं चाललाय. तुझं गाव त्यांना पहिल्यांदा दिसलं ते तुझ्या पाठीमागं, चुकून. आता यंदा पंधरा दिवस आधी तीन ओळी लिहून टाक, सोबत गेल्या वर्षीचा कोपीचा फोटो. ही येळवस, आमच्याकडं दिवाळीइतकी मोठी, मी दिवसभर नसेन, माझं काम अमुकजण बघेल. शक्य असेल तर टीममध्ये एक सामायिक कॅलेंडर करा. त्यात प्रत्येकानं आपल्या गावचे दोन दिवस लिहायचे, कारण विचारायचं नाही. आमच्यात हिंगोलीवालीचा दसरा असतो, कंधारच्या पोराची माळेगावची यात्रा. येळवस आणि माळेगाव एकमेकांना खेटून येतात, तेव्हा मला महिनाभर आधीपासून पाळ्या लावाव्या लागतात. त्याची कटकट होते, पण रजेसाठी खोटी आजारपणं ऐकण्यापेक्षा पुष्कळ बरी.

नांदेडहून, वय २६: तीन वर्षं घरून काम करतेय, बाकी टीम बंगळुरूत एकत्र बसते. पगार चांगला आहे, आईबाबांजवळ आहे. पण दिवसेंदिवस कुणाशी कामाखेरीज बोलणं होत नाही. बढती दोनदा हुकली. सगळं सोडून तिकडं जावं का?

जा किंवा जाऊ नकोस, असं मी सांगणार नाही. एका प्रयोगाची गोष्ट सांगते, तो मला जवळचा वाटतो, कारण तो आमच्यासारख्या हेडफोनवाल्यांवर झाला. शांघायमध्ये प्रवासाची आणि हॉटेलांची बुकिंग घेणारी एक मोठी कंपनी आहे. २०१० च्या अखेरीस तिनं कॉल सेंटरमधल्या निम्म्या इच्छुकांना नऊ महिने घरून काम दिलं, निम्म्यांना ऑफिसातच ठेवलं. घरच्यांचं काम १३ टक्के वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. मालक खूश. पण नऊ महिन्यांनी 'आता तुमचं तुम्ही ठरवा' म्हटल्यावर घरून काम करणाऱ्यांतले जवळपास निम्मे ऑफिसात परत आले. त्यांची मोठी तक्रार तुझीच होती, एकटेपणा. आणि तुझं दुसरं दुखणंही त्यात आहे. सारखंच काम करणाऱ्यांत घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली. तेव्हा 'मीच कुठंतरी कमी पडते' हे आधी डोक्यातून काढ.

आणखी एक बारीक गोष्ट लोक विसरतात. त्या प्रयोगात घरी पाठवलेल्या प्रत्येकाला आठवड्यातला एक दिवस ऑफिसात यावंच लागायचं. याच कंपनीनं पुढं १,६१२ जणांवर आठवड्यातले दोन दिवस घरून काम द्यायचा प्रयोग केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. राजीनामे एक तृतीयांशानं घटले आणि बढत्यांत काही फरक पडला नाही. तुला आठवड्याला बंगळुरू शक्य नाही. पण दर तीन महिन्यांनी एक आठवडा, कंपनीच्या खर्चानं, हे मागायला काय हरकत आहे? तुला गमावून नवी मुलगी शिकवण्यापेक्षा त्यांना ते स्वस्तच पडेल. मागताना 'एकटं वाटतं' म्हणू नकोस, 'पुढच्या तिमाहीचं नियोजन समोरासमोर करायचं आहे' म्हण. आणि त्या आठवड्यात बढतीचं सरळ विचार: काय झालं म्हणजे मिळेल, आणि ते कोण ठरवतं.

एकटेपणाचं मात्र मला वेगळं सांगायचं आहे. बोर्डावर असताना नांदेडची एक ऑपरेटर संध्याकाळच्या पाळीला माझ्या जोडीला असायची. कॉलची गर्दी ओसरली की आम्ही बोलायचो. तिच्या सासूचे गुडघे, माझी बी. ए. ची परीक्षा. पाच वर्षं, एकदाही न भेटता. मग तुझ्याच गावात एका लग्नात गाठ पडली. आवाजावरून मी तिला चांगली उंच समजत होते, ती माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. दोघी शेजारी बसलो आणि बोलायला काही म्हणजे काही सुचेना. जेवलो, 'येते गं' म्हणाले, बस धरली. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला तिचा प्लग लागला, "हॅलो परभणी! अगं, काल मठ्ठा किती आंबट होता!" आणि पुढं अर्धा तास.

तुझ्या त्या बंगळुरूच्या टीममध्ये मठ्ठ्याबद्दल बोलता येईल असं एक तरी माणूस तीन वर्षांत झालंय का? झालं असेल तर तिला आजच फोन लाव, काम नसताना. ती असेल तर नांदेडला राहून निभेल. आणि खरंच कुणी नसेल, तर बॅग भर. घर कुठं जात नाही, आईबाबांना मी चार ओळी लिहून देते हवं तर.

पुढच्या अंकासाठी पत्रं लवकर पाठवा. येळवसला मी भावाच्या शेतात असणार आहे, तिथं रेंज येत नाही.